जोडगोळी जमते कुणाची? अर्धशिशीच्या औषधांची सांगड

रेवा_ठाणे (धागाकर्ती)

परवाच्या संकष्टीला रात्री पावणेनऊला मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून फ्रिजच्या दाराला कपाळ टेकवलं होतं. चंद्रोदयाला अजून वेळ होता. ओट्यावर मोदकांची उकड झाकून ठेवलेली, आणि तिच्या वाफेच्या वासानेच ढवळून येत होतं. न्यूरोलॉजिस्टनी दिलेली रिझाट्रिप्टान संध्याकाळी सहाला घेतली होती, ढिम्म फरक नाही. शेवटी सासूबाईंनी माझ्या पर्समधून ती जुनी गोळी काढून दिली, कॉलेजपासून घेते ती. "हिनेच उतरतं तुझं" म्हणाल्या. घेतली. डोकं उतरायचं बाजूलाच राहिलं, अर्ध्या-पाऊण तासात हाताची बोटं गारठली, पांढरीफटक पडली आणि ठणकायला लागली. पहाटेपर्यंत पूर्ववत झाली. नवरा हॉस्पिटलात चल म्हणत होता, मी गेले नाही. (ओरडू नका, घरी ओरडून झालंय.)

मी ४२ वर्षांची, अर्धशिशी बारावीपासून. सध्या पोटात काय काय जातं ते सांगते. प्रोप्रानोलॉल ४० सकाळ-संध्याकाळ, फॅमिली डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी सुरू केलेली. टोपिरामेट, नव्या न्यूरोलॉजिस्टनी दीड महिन्यापूर्वी २५ पासून चढवत आणलेली, आता रात्री ५०. डोकं उठलं की रिझाट्रिप्टान १०. त्याने भागलं नाही तर नॅप्रोक्सेन-डॉम्पेरिडोनची जोडगोळी. आणि पर्समधली जुनी.

खरं सांगायचं तर न्यूरोलॉजिस्टकडे जाताना फाईल घरी विसरले, त्यामुळे प्रोप्रानोलॉलचं बोलायचं राहून गेलं. आणि जुन्या गोळीचं सांगावं असं सुचलंच नाही. ती मला औषध वाटतच नव्हती, पर्समधल्या रुमालासारखी होती.

पुढची अपॉइंटमेंट बारा दिवसांनी आहे. तोवर विचारते: तुमच्यापैकी कोण काय कशाबरोबर घेतं? दोन गोळ्यांत किती तास ठेवता? रोजची दोन-दोन औषधं एकत्र चालू असलेलं कुणी आहे का? आणि बोटांना सध्या अधूनमधून मुंग्याही येतात, त्या कशाच्या?

पेठेतला_पोपट

वाचनखूण साठवली. अर्धशिशीवाल्यांचा एवढा मोठा क्लब इथे असेल असं वाटलं नव्हतं. मी उजवी बाजू.

सुमनमावशी

बाळ, आमच्याकडे कोणी गोळ्या घेत नव्हतं. सूर्य उगवायच्या आत जिलेबी आणि गरम दूध, तीन दिवस. सुंठ उगाळून कपाळावर लेप. माझ्या आजीचं केशर घातलेल्या तुपाचे दोन थेंब नाकात सोडून थांबायचं. करून बघ, अपाय तर नाही.

मेडिकलचा_काउंटर

सांगलीत माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे. रेवाताई, एक काम करा. ती जुनी पट्टी उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचून इथे लिहा.

रेवा_ठाणे

थांबा, चष्मा आणते.

एर्गोटामाइन १ मिग्रॅ, कॅफीन १०० मिग्रॅ, पॅरासिटामॉल २५० मिग्रॅ, प्रोक्लोरपेराझिन २.५ मिग्रॅ.

चार औषधं?? मी इतकी वर्षं एक गोळी घेत होते.

मेडिकलचा_काउंटर

वाटलंच होतं. माझ्याकडे रोज चार-पाच जण "डोक्याची द्या" म्हणून हीच मागतात. चिठ्ठी मागितली की तोंड वाकडं करून पुढच्या दुकानात जातात, तिथे मिळतेच.

तुम्ही विचारलंत की कशाबरोबर काय घ्यावं. पण निम्मी सांगड गोळी बनवणाऱ्याने आधीच घालून ठेवलेली असते. या पट्टीत एर्गोटामाइन हा खरा गडी. राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) याच्या कणसावर पडणाऱ्या अरगटच्या बुरशीतून आलेलं हे औषध रक्तवाहिन्या आवळतं. ट्रिप्टान गटातली औषधंही (तुमची रिझाट्रिप्टान त्यातलीच) रक्तवाहिन्या आवळतात. म्हणून दोघांत २४ तासांचं अंतर लागतं, कुठलीही आधी घेतली तरी. तुम्ही तीन तासांच्या आत दोन्ही घेतल्यात. शिवाय प्रोप्रानोलॉल चालू असलं की एर्गोटामाइनचा हातापायांतला हा आवळपणा आणखी वाढू शकतो. बोटं पांढरी पडली यात नवल नाही.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. एर्गोटामाइनवर असताना घसा धरला म्हणून क्लॅरिथ्रोमायसिनचा कोर्स सुरू केला तर एर्गोटामाइन शरीराबाहेर पडायचा रस्ताच अडतो. रक्तात साठत जातं. बोटं काळी पडण्यापर्यंत जाऊ शकतं.

जोडगोळ्यांवरून आठवलं, सप्टेंबर २०१८ मध्ये सरकारने ३२८ मिश्रगोळ्यांवर बंदी घातली होती. यादीत सॅरिडॉनही होती. त्या आठवड्यात लोक साठा करायला दुकानात आले होते! पुढे सुप्रीम कोर्टातून २०१९ च्या फेब्रुवारीत ती यादीतून सुटली. तेव्हाही "त्यात आहे काय" असं एकानेही विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, "मिळणार की नाही?"

भूलतज्ज्ञ_अनु

मी न्यूरोलॉजिस्ट नाही, भूल देणारी डॉक्टर आहे आणि स्वतः अर्धशिशीची जुनी गिऱ्हाईक आहे. दोन्ही टोप्या घालून लिहिते. इथलं वाचून कुणीही डोस बदलू नका.

रेवा, आधी ओरडून घेते. बोटं गार, पांढरी आणि दुखरी झाली तर सकाळची वाट बघायची नाही. त्या रात्री जायला हवं होतं. पुन्हा झालं तर जायचं. आणि ती जुनी पट्टी आज कचऱ्यात. बारा दिवस थांबण्यापेक्षा उद्या न्यूरोलॉजिस्टच्या क्लिनिकला फोन करून हा प्रकार आणि प्रोप्रानोलॉलचं सांग.

आता मुंग्या. टोपिरामेट सुरू केल्यावर बोटांना, तळव्यांना, कधी ओठांभोवती मुंग्या येतात. फार जणांना येतात. त्यात बोट गार पडत नाही, रंग बदलत नाही. त्रासदायक असतं, पण बहुधा निरुपद्रवी. सोडा प्यायलीस तर बेचव लागेल, तेही त्याचंच. म्हणजे तुझ्या बोटांत दोन वेगवेगळ्या गोष्टी चालू होत्या आणि तू त्या एकच समजत होतीस. मुंग्या रोजच्या गोळीच्या, पांढरेपणा त्या रात्रीच्या सांगडीचा.

माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट पुढेच आहे. प्रोप्रानोलॉल घेणाऱ्याच्या रक्तात रिझाट्रिप्टानचं प्रमाण साधारण ७० टक्क्यांनी वाढतं. म्हणून अशांना १० ऐवजी ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. तुझ्या डॉक्टरांना प्रोप्रानोलॉल माहीतच नव्हतं, त्यांनी १० दिली. सुमाट्रिप्टानशी प्रोप्रानोलॉलचं असं भांडण नाही, त्यामुळे ते तीही सुचवू शकतील. ठरवू दे त्यांना.

दुसरं, कपाट दोन खणांत लाव. एका खणात डोकं उठल्यावर घ्यायची औषधं: ट्रिप्टान, नॅप्रोक्सेन, पॅरासिटामॉल, उलटीची गोळी. दुसऱ्यात रोज घ्यायची, दुखो न दुखो: प्रोप्रानोलॉल, टोपिरामेट, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, व्हॅलप्रोएट. पहिल्या खणातलं रोज घेतलं की घात. दुसऱ्या खणातलं फक्त दुखलं की घेतलं तर काहीच उपयोग नाही. माझ्याकडे येणारे निम्मे लोक नेमकं उलटं करतात.

नाशिकचा_निवृत्त

अनु मॅडम, दुसऱ्या खणाबद्दल आमच्या घरची गोष्ट सांगतो. वडील ७१ वर्षांचे. त्यांना रात्रीची फ्लुनारिझिन सुरू केली होती आणि ती पुढे वर्षभर चालूच राहिली, कारण थांबवा असं कुणी म्हणालं नाही आणि आम्ही विचारलं नाही. डोकं बरंच कमी झालं. पण वजन सहा किलो वाढलं, दिवसा पेंग यायची, मग हळूहळू चाल मंद झाली. चहाचा कप बशीत खडखडायचा. आम्ही म्हटलं वय झालं. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "अजून काय घेतात?" तेव्हा कळलं की महिन्यातून आठ-दहा दिवस ते रेवाताईंचीच ती चार-औषधी गोळीही घेत होते.

फ्लुनारिझिन आणि त्या गोळीतलं प्रोक्लोरपेराझिन, दोन्ही मेंदूतल्या डोपामिन या रसायनाला अडवतात, म्हणजे कंपवातासारखी लक्षणं आणायला दोघांचा हात. दोन्ही बंद केल्यावर चार-पाच महिन्यांनी कप खडखडायचा थांबला. तेव्हापासून मी घरातली प्रत्येक पट्टी उलटी करून वाचतो.

पेठेतला_पोपट

फ्लुनारिझिन आणि प्रोप्रानोलॉल एकाच कॅप्सूलमध्ये मिळतं तेही याच वर्गातलं का? मला तेच दिलंय. आणि मला लहानपणी दमा होता.

भूलतज्ज्ञ_अनु

पोपटराव, दमा होता की आहे? पंप कधी लागतो?

पेठेतला_पोपट

थंडीत. दिवाळीच्या फटाक्यांत. गेल्या वर्षी दोनदा.

भूलतज्ज्ञ_अनु

मग हे आजच डॉक्टरांना फोन करून सांगा. प्रोप्रानोलॉल दम्याच्या माणसाला देत नाहीत. ते श्वासनलिका आवळतं आणि पंपातल्या औषधाचा गुणही मारतं. पण स्वतःहून एकदम बंद करू नका, बऱ्याच दिवसांपासून घेत असाल तर ते उतरवत बंद करायचं असतं. म्हणूनच फोन करा म्हणते. आणि मिश्रकॅप्सूलची गोची अशी की एकाचा डोस वाढवायचा किंवा एक काढून टाकायचं तर जमत नाही. घेतलं तर दोन्ही, नाही तर काहीच नाही.

लंडनकर_मेधा

इकडचा अनुभव लिहिते, तुलना म्हणून. फ्लुनारिझिनला इथे परवानाच नाही. पुण्याहून आईने आणलेली पट्टी जीपीला (इथल्या फॅमिली डॉक्टरला) दाखवली तर बाईंनी चष्मा कपाळावर चढवून दोन मिनिटं वाचली. उलट सुमाट्रिप्टान ५० इथे २००६ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, पण फार्मसिस्ट आधी शिरा ताणून चौकशी करतो: बीपी आहे का, हृदयाचं काही आहे का, महिन्यातून कितीदा दुखतं.

माझी सांगड सांगते. सुमाट्रिप्टान ५० आणि नॅप्रोक्सेन ५०० एकदम. डोकं "येतंय" म्हणेपर्यंतच, पूर्ण चढल्यावर नाही. मला हे जमतं. पूर्वी नुसती सुमाट्रिप्टान घ्यायचे तेव्हा दोन तासांत मोकळी व्हायचे आणि रात्री पुन्हा तेच डोकं परत.

भूलतज्ज्ञ_अनु

त्याचं कारण सोपं आहे, मेधा. सुमाट्रिप्टान रक्तात दोन तासांत निम्मी होते. नॅप्रोक्सेनला निम्मं व्हायला बारा ते सतरा तास लागतात. शिवाय दोघांची कामंही वेगळी. म्हणून ही जोडी एकाच गोळीतही करतात: ८५ मिलिग्रॅम सुमाट्रिप्टान, ५०० नॅप्रोक्सेन. अमेरिकेत तिला २००८ मध्ये परवानगी मिळाली.

२००७ च्या अभ्यासात दोन तासांनी वेदना पूर्ण गेली आणि चोवीस तास परत आलीच नाही असे लोक मोजले होते. जोडगोळीवर शंभरात साधारण २४, नुसत्या सुमाट्रिप्टानवर १५, नुसत्या नॅप्रोक्सेनवर १०, खोट्या गोळीवर ७-८. म्हणजे जोडी सरस आहेच. पण पूर्ण आणि टिकाऊ सुटका न मिळालेले शंभरातले पाऊणशे उरतातच. मी पेशंटला दोन्ही आकडे सांगते, नाही तर पहिल्या अपयशाला ते तिसरी गोळी वर टाकतात.

उलटीच्या गोळीचं मात्र लोकांना पटत नाही. अर्धशिशीच्या झटक्यात पोटच झोपून जातं. गोळी जठरात पडून राहते, पुढे सरकत नाही. डॉम्पेरिडोन किंवा मेटोक्लोप्रामाइड पोट हलवतं, म्हणून वेदनाशामक वेळेवर रक्तात पोचतं. "मला उलटी होत नाही, मग ती कशाला?" असं विचारू नका. फक्त हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर डॉम्पेरिडोन विचारून. आणि नॅप्रोक्सेन उपाशीपोटी नाही.

रेवा_ठाणे

उपाशीपोटी नाही. आणि मी संकष्टीला दिवसभर चहावर.

सुमनमावशी

म्हणून तर जिलेबी म्हटलं! साखर उतरली की डोकं उठतंच. उगाच नाही आजी पहाटे खायला लावायची.

भूलतज्ज्ञ_अनु

मावशी, तुमच्या आजीला मी पूर्ण उडवून लावत नाही. उपाशी राहिल्याने अर्धशिशी उठते हे खरंच आहे, पहाटे पोटात काही गेलं तर काहींना बरं वाटत असणार. नाकात तूप मात्र नको.

कोथरूडची_केतकी

मी उदासीनतेसाठी एस्सिटालोप्राम घेते आणि डोक्यासाठी सुमाट्रिप्टान. मेडिकलवाल्याने "ही दोन एकत्र चालत नाहीत, मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढतं" म्हणून सुमाट्रिप्टान द्यायलाच नकार दिला. तीन दिवस अंधार करून पडून होते. त्यात ऑफिसची ऑडिट.

मेडिकलचा_काउंटर

केतकीताई, त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. संगणकावर लाल खूण येते आणि कुणाला जोखीम नको असते. २००६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशारा दिलाय, तो अजून आमच्या सॉफ्टवेअरमध्ये फिरतो.

भूलतज्ज्ञ_अनु

इशारा आहे, पण प्रत्यक्षात हा प्रकार फार क्वचित दिसतो, आणि न्यूरोलॉजिस्ट ही दोन औषधं कितीतरी पेशंटना एकत्र देतात. फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत हवीत. थरथर, घाम, ताप, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं झालं तर थेट हॉस्पिटल. पुढच्या वेळी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर "एस्सिटालोप्राम चालू आहे, सुमाट्रिप्टान द्यावी" असं लिहूनच घ्या, काउंटरवर वाद नको.

केतकी, ऑरा आहे का? नागमोडी चमकती रेघ, अर्धं दिसेनासं होणं? असेल आणि गर्भनिरोधक गोळी घेत असाल तर तीही सांगा. ऑरावाल्यांना इस्ट्रोजन असलेली गोळी देत नाहीत, पक्षाघाताचा धोका वाढतो. हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आपण सांगत नाही आणि न्यूरोलॉजिस्ट विचारतातच असं नाही.

कोथरूडची_केतकी

ऑरा नाही. पाळीच्या आदल्या दिवशी ठरलेलं असतं, कॅलेंडर लावून घ्यावं इतकं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी दोन दिवस आधीपासून नॅप्रोक्सेन दिलंय, पाच-सहा दिवस. उपयोग होतो. पण मग ते पाच-सहा दिवस "गोळीचे दिवस" मोजायचे का?

भूलतज्ज्ञ_अनु

मोजायचे. आता हे मला ठळक लिहायचंय, कारण या धाग्यावर सगळ्यांना लागू आहे.

वेदनाशामकं जास्त घेतली की वेदनाशामकांचीच डोकेदुखी सुरू होते. ट्रिप्टान, एर्गोटामाइन आणि मिश्रगोळ्या महिन्यातून दहा दिवस किंवा जास्त, साध्या पॅरासिटामॉल-नॅप्रोक्सेनसारख्या पंधरा दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की धोक्याची घंटा. मोजायचे दिवस. एका दिवसात तीन गोळ्या घेतल्या तरी तो एकच दिवस.

आणि इथे सगळे फसतात: "मी चार दिवस ट्रिप्टान घेते, पाच दिवस ती जुनी, तीन दिवस नॅप्रोक्सेन, म्हणजे कुठलीच जास्त नाही." तसं नाही. आलटून-पालटून घेतली तरी दिवसांची बेरीज होते, आणि बेरीज दहावर गेली की झालं. रेवा, तुझी बेरीज किती?

रेवा_ठाणे

आत्ता भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून टेबलावर घेतलं. दुधाचा हिशोब लिहिते त्याच चौकटींत डोकं उठलं की गोल करते, सवय आहे. गेल्या तीन महिन्यांत गोळीचे दिवस: १४, १३, १६.

आणि एक विचित्र दिसतंय. तिन्ही महिन्यांत संकष्टीच्या लाल चौकटीवर गोल आहे आणि दुसऱ्या दिवशीही. बाकीचे बरेचसे शुक्रवार. शुक्रवारी मी डोक्यावरून न्हाते.

नाशिकचा_निवृत्त

आमच्या बायकोचंही ओल्या केसांचंच. आम्ही तिची चेष्टा करायचो.

भूलतज्ज्ञ_अनु

चेष्टा नका करू काका. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये डोक्यावरून न्हाल्याने अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली होती. परदेशातल्या याद्यांत हे कारण सहसा सापडत नाही, कारण लांब केस धुऊन ओलेच अंबाड्यात बांधणारी माणसं त्यांच्या ओपीडीत नसावीत.

रेवा, १६ म्हणजे फार झालं. टोपिरामेटचा गुण दिसत नाही असं म्हणायच्या आधी हे बघावं लागेल. आणि एर्गोटामाइन बंद केल्यावर पहिले काही दिवस, दोन ते दहा, डोकं आणखी वाईट उठू शकतं. ते माहीत असलेलं बरं, नाही तर चौथ्या दिवशी कुणीतरी प्रेमाने पर्समधून काढून देतं.

लंडनकर_मेधा

रोजच्या दोन औषधांबद्दल कुणी उत्तर दिलं नाही. माझं: रात्री अमिट्रिप्टिलिन १० आणि महिन्यातून एकदा सीजीआरपीचं (अर्धशिशी उठवणाऱ्या त्या नावाच्या प्रथिनाला अडवणारं) इंजेक्शन. इंजेक्शन मिळायला इथे तीन प्रतिबंधक औषधं वापरून फसलेली असावी लागतात आणि महिन्यातून किमान चार अर्धशिशीचे दिवस. मग बारा आठवड्यांनी हिशोब घेतात: महिन्यातून पंधराहून कमी दिवस डोकं दुखणाऱ्यांचे अर्धशिशीचे दिवस निम्म्याने घटले नाहीत तर बंद. जुनाट अर्धशिशी असेल तर तीस टक्के घट पुरते. माझे अकराचे चार झाले. बद्धकोष्ठ मात्र जबरदस्त, इसबगोल कायमचा सोबती.

पेठेतला_पोपट

इंजेक्शनची किंमत ऐकून माझं डोकं उठलं.

भूलतज्ज्ञ_अनु

दोन रोजची औषधं एकत्र करावीत का? करतात, पण पुरावा लोकांना वाटतो तितका भक्कम नाही. टोपिरामेटने पुरेसा फरक न पडलेल्या, जुनाट अर्धशिशीच्या लोकांना वरून प्रोप्रानोलॉल देऊन पाहिलेला अभ्यास २०१२ मध्ये आला. भर घालून जास्त फायदा दिसला नाही, अभ्यास मध्येच थांबवला. म्हणजे "दोन म्हणजे दुप्पट" हे गणित इथे चालत नाही.

कुठे शहाणपणाचं असतं? एका औषधाने दुसरंही काम होत असेल तिथे. झोप लागत नाही त्याला रात्री अमिट्रिप्टिलिन. पण त्याने वजन वाढतं, टोपिरामेटने उतरतं, म्हणून काही जण दोन्ही थोडी-थोडी देतात. बीपी असेल तर प्रोप्रानोलॉल किंवा कॅन्डेसार्टन. व्हॅलप्रोएट मूल होऊ शकेल अशा वयाच्या बाईला टाळतात, गर्भात दोष येतात. टोपिरामेटचंही तेच, ब्रिटनमध्ये २०२४ पासून त्यावरही कडक अटी आहेत. टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट एकत्र असतील आणि माणूस सुस्त, गोंधळलेला दिसला तर रक्तातला अमोनिया तपासावा लागतो.

आणि एका औषधाला पूर्ण डोसवर दोन-तीन महिने द्यायला हवेत. दीड महिन्यात तिसरं सुरू केलं तर कोण काम करतंय तेच कळत नाही.

मुंबईकर_शशी

एवढी औषधं! लिव्हर-किडनीचं काय? मी तर डोकं दुखलं की लोकलच्या दारात उभा राहतो, वारा लागला की बरं.

मेडिकलचा_काउंटर

शशीभाऊ, दारातून पडलात तर कायमचंच बरं. किडनीचं विचारलंत ते मात्र बरोबर. नॅप्रोक्सेन वर्षानुवर्षं, त्यात बीपीची गोळी, त्यात पाणी कमी, हे वाईट. टोपिरामेटवाल्यांना मुतखडा होऊ शकतो, त्यांनी पाणी भरपूर. शिवाय त्याने घाम कमी येतो, उन्हाळ्यात जपा.

रेवा_ठाणे

महिन्याभराने लिहितेय.

दुसऱ्याच दिवशी क्लिनिकला फोन केला, त्यांनी तिसऱ्या दिवशी बोलावलं. फाईल, सगळ्या पट्ट्या आणि कॅलेंडर पिशवीत घालून नेलं. डॉक्टर कॅलेंडर बघून हसले, मग गप्प बसून पूर्ण वाचलं. एर्गोटामाइन कायमची बंद. रिझाट्रिप्टानऐवजी सुमाट्रिप्टान ५०, बरोबर नॅप्रोक्सेन ५०० आणि डॉम्पेरिडोन, पण आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नाही. प्रोप्रानोलॉल हळूहळू उतरवतोय, कारण तीन वर्षांत त्याने काय केलं हे मलाच सांगता येईना. टोपिरामेट १०० वर. शब्द अडतात अधूनमधून, परवा "झारा" आठवेना, हाताने खूण करून मागितला.

पहिला आठवडा भयंकर गेला, अनु म्हणाली होती तसाच. पाचव्या दिवशी मी खरोखर पर्स उपसली. पट्टी सापडली नाही. सासूबाईंनी कधीच काढून टाकली होती, मला न सांगता.

या महिन्यात गोळीचे दिवस सात. शुक्रवारी आता दुपारी न्हाते आणि केस वाळवल्याशिवाय बांधत नाही.

काल संकष्टी होती. सकाळी आठला सासूबाईंनी पोह्यांची ताटली समोर ठेवली आणि म्हणाल्या, "तुझ्या वाटणीची मी धरते, मला काही होत नाही."

सुमनमावशी

त्यांना विचार एकदा, खरंच काही होत नाही ना. आमच्या पिढीला डोकं दुखतंय म्हणायची सवय नव्हती.

रेवा_ठाणे

मावशी, विचारलं आत्ताच. म्हणाल्या, "चाळीस वर्षं दुखतंय की. डावीकडे."